तबकडीचा शोध आणि अपरिग्रहाचा प्रश्न

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, जुन्या रेकॉर्डचे ढीग लागलेले असतात. त्या ढिगांवर वाकून एकेक पाकीट मागे सारत जाणारी माणसे तिथे नेहमी दिसतात आणि त्यांतली काही फक्त जाझच्या मागावर असतात. बहुतेक फेऱ्यांत त्यांच्या हाती काही लागत नाही. बोटे काळी होतात, पाठ भरून येते, आणि तरी पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा हजर असतात. रिकाम्या हाताने परतूनही जो उणावत नाही त्या आनंदाचे स्वरूप काय, हा प्रश्न नुसत्या छंदाच्या सदरात टाकण्यासारखा नाही. मला तो धर्मविचारातला प्रश्न वाटतो. आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक परंपरेने वस्तूच्या ओढीकडे संशयानेच पाहिले आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध अशी उतरण दाखवली आहे. बुद्धाने दुःखाचे मूळ तृष्णेत सांगितले. जैनांनी अपरिग्रहाला महाव्रतांत बसवले. वारकरी संतांनी तर देवासाठीसुद्धा रानोमाळ हिंडू नका, तो जवळच आहे, असे परोपरीने बजावले. मग एका काळ्या तबकडीसाठी शहर पालथे घालणाऱ्याचे काय? त्याचा आनंद म्हणजे लोभाचेच एक शिष्टसंमत रूप आहे का? मला तसे वाटत नाही. या आनंदाचे मूळ मालकीत नसून, निघून गेलेल्या एका घटनेची खूण ओळखता येण्यात आहे, आणि अशी ओळख वैराग्याच्या आड येत नाही, असे मी म्हणेन. लोभ तिथे शिरू शकतो, शिरतोही. पण तो शोधाच्या पोटी जन्मलेला नसतो, बाहेरून आलेला असतो.

हे बुलढाणा जिल्ह्यात बसून मांडण्याला कारण आहे. खामगाव-मलकापूरच्या बाजारात जाझच्या रेकॉर्ड ढिगाने मिळतील असे कोणी म्हणणार नाही. त्या मुंबई-कोलकात्यात आणि गोव्यातल्या जुन्या घरांत सापडायच्या. पण मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रणाचा आरंभ ज्या रेकॉर्डपासून मानला जातो, तिच्यातली कविता मेहकरची आहे. ना. घ. देशपांडे मेहकरला वकिली करीत. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांनी 1930च्या दशकाच्या सुरुवातीला हिज मास्टर्स व्हॉइससाठी गायिली आणि ती महाराष्ट्रभर वाजली. ‘शीळ’ याच नावाचा कवितासंग्रह निघाला तो 1954 साली. म्हणजे सुमारे दोन दशके संग्रह नव्हता आणि तबकडी मात्र होती. मेहकर कुठे आले हे ठाऊक नसलेल्या माणसांच्या घरात मेहकरची कविता भोंग्यातून ऐकू येत होती. नाघंना ‘खूणगाठी’साठी 1986चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोवर मिनिटाला 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डचा जमाना केव्हाच सरला होता. आज ‘शीळ’ची मूळ तबकडी शोधणारा आणि जाझवादक लुई आर्मस्ट्राँगची जुनी तबकडी शोधणारा एकाच दुकानात, एकाच ढिगापुढे उभा राहतो. आणि जाझ तरी या भागाला सर्वस्वी परका कुठे होता? गोव्याच्या हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, ज्याला सगळे चिक चॉकलेट म्हणत, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ट्रम्पेट वाजवी आणि पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या चित्रपटसंगीतालाही हात लावी. 1951च्या ‘अलबेला’तली गाणी ज्या ज्या गावी पोचली, त्या त्या गावी जाझची लय पोचली; तिचे नाव मात्र कोणी सांगितले नाही.

शोधली जाणारी वस्तू काय आहे ते आधी पाहू. 78 फेऱ्यांची तबकडी लाखेची. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे जी राळ सोडतात ती शुद्ध करून, तिच्यात दगडाची भुकटी मिसळून, साच्यात दाबलेली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. 1948 साली अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची लाँग प्ले आणली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत राहू लागले. जाझला हा फरक फार मोठा होता, कारण जाझचा जीव उपजेत आहे. धून ठरलेली असते, तिचा विस्तार त्या त्या वेळी सुचेल तसा. ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे जाझची रेकॉर्ड ही छापील पुस्तकाच्या प्रतीसारखी नसते. एका दिवशी, एका खोलीत, चार-सहा माणसांना जे सुचले आणि पुन्हा तसेच कधी सुचणार नव्हते, त्याचा ठसा तिच्यावर असतो. इथे आपल्या दर्शनांतला एक जुना वाद उपयोगी पडतो. मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे; उच्चार त्याला केवळ प्रकट करतो, आणि काल ऐकलेले अक्षर आज पुन्हा ऐकू आले की आपण ‘तेच हे’ म्हणून ओळखतो, हाच त्याचा पुरावा. नैयायिक म्हणतात की शब्द उत्पन्न होतो आणि विरून जातो. पुन्हा ऐकू येतो तो त्याच जातीचा दुसरा शब्द. ध्वनिमुद्रण आल्यावर मीमांसकांचा पक्ष जिंकला असे वरवर पाहता वाटेल, कारण तोच स्वर शंभर वेळा ऐकता येऊ लागला. पण दर वेळी सुई चरीतून फिरते तेव्हा निर्माण होणारा नाद नवाच असतो. टिकते ती चरी. वादकाला जे सुचले ते सुचण्याची घटना एकदाच घडली आणि संपली. मला नैयायिकांचा पक्ष पटतो, आणि जाझच्या बाबतीत तो अधिकच पटतो. शोधणाऱ्याच्या हाती जे येते ते संगीत नव्हे, संगीत घडून गेल्याची खूण आहे. जे संपले त्याची मालकी कोणाकडे असूच शकत नाही. लोभाच्या आरोपाला पहिला छेद इथेच बसतो.

खुणेला एवढा मान द्यावा का, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर मला याच जिल्ह्यातून गेलेल्या एका वाटेवर मिळते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचा वावर या मुलखात होता. त्यांच्या आठवणींच्या ग्रंथात, लीळाचरित्रात, लोणार येते, मेहकर येते. त्यांचा महानुभाव पंथ अपरिग्रहात कोणाला हार जाणारा नव्हता. भिक्षा मागावी, एका गावी फार राहू नये, अंगाखाली अंथरूण आणि गाठीला द्रव्य नसावे, नात्यागोत्यांची ओढ सोडावी, अशी त्याची शिकवण. देवतांची उपासनाही त्याने नाकारली. आणि तरीही याच पंथात स्वामींच्या विरहानंतर स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक यांना साधनेचा आधार मानले गेले. स्थान म्हणजे जिथे स्वामी बसले, निजले, जेवले ती जागा. प्रसाद म्हणजे त्यांचा स्पर्श झालेली वस्तू. कुठल्या गावी, कुठल्या देवळात, कुठल्या बाजूला ते बसले याची बारीक नोंद ठेवणारी स्थानपोथी या पंथाने रचली. त्या दगडात देव आहे असे पंथ म्हणत नाही. देवाचा संबंध त्याला झाला म्हणून तो नमस्कारायचा. वैराग्याच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला पंथ वस्तू जपतो, तेव्हा त्याला वस्तू आणि संबंध यांतला फरक नेमका कळलेला असतो. जी वस्तू केवळ आपल्या उपभोगासाठी आहे तिची ओढ बांधते. जी वस्तू दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवते तिची ओढ आपल्याला स्वतःपासून बाहेर नेते. रेकॉर्ड शोधणाऱ्याची ओढ, ती खरी असेल तर, या दुसऱ्या प्रकारची असते.

याच पंथातल्या म्हाइंभटांचे उदाहरण तर शोधाच्या आनंदाचे सगळ्यात थोर मराठी उदाहरण मानावे असे आहे. चक्रधर निघून गेल्यावर त्यांनी स्वामींच्या आठवणी जमवायला घेतल्या. स्वामींना ज्यांनी पाहिले, ज्यांच्याशी ते बोलले, त्या माणसांना गाठून विचारले, ऐकलेले स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेतले, आणि ऋद्धिपूरला लीळाचरित्र सिद्ध झाले. एकाच प्रसंगाची एकाची आठवण एक सांगते, दुसऱ्याची दुसरे, तेव्हा ते वेगळेपण पुसून न टाकता टिपून ठेवण्याची शिस्त त्या परंपरेत आहे. पुढे आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि शिष्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली. म्हणून तिचे वेगवेगळे पाठ झाले. आता जाझकडे वळा. 1936 साली पॅरिसमध्ये शार्ल दलोने याने जाझच्या रेकॉर्डची मोठी सूची प्रसिद्ध केली. तोवर कित्येक तबकड्यांच्या लेबलवर बँडच्या प्रमुखापलीकडे कोणाचे नाव नसे. ट्रम्पेट कोणाचा, पियानोवर कोण, मुद्रण कुठल्या तारखेचे, हे काहीच कळायचे नाही. शोधणाऱ्यांनी लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले बारीक क्रमांक टिपले, एकाच दिवशी मुद्रित झालेल्या दोन आवृत्त्यांतला फरक कान देऊन ओळखला, हयात वादकांना विचारले, आणि नावे परत मिळवली. त्यांतले कितीतरी वादक काळे, गरीब, विस्मरणात गेलेले होते. ज्याला आपण संग्राहकाची हौस म्हणतो तिच्यातून त्या माणसांना त्यांचे श्रेय परत मिळाले. ढिगात हात घालणाऱ्याला होणारा आनंद या कामाचाच आहे: समोर नाव नाही, पण हा कोण आहे ते मला कळेल, अशी उमेद. मुंबईत 1990 साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने आपल्याकडच्या संगीतासाठी तेच केले. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूची केल्या, लेख छापले, आणि जमवलेल्या रेकॉर्ड लोकांना एकत्र बसवून ऐकवल्या.

इथे कोणी थांबवून विचारील: हॉटेलातल्या नाचगाण्याची तुलना चक्रधरांच्या स्पर्शाशी? आक्षेप गंभीर आहे आणि त्यातले एक अंग मला मान्यच आहे. तबकडी म्हणजे प्रसाद नव्हे, आणि तिला तसे म्हणणे पंथाचाही अपमान ठरेल. मी घेतो तो फक्त विचाराचा आकार: खूण आणि जिची ती खूण आहे ती गोष्ट यांतला भेद, आणि तो भेद राखून खूण जपण्याची शक्यता. पण आक्षेपाचे दुसरे अंग, की जाझ ही निव्वळ करमणूक आहे, ते मात्र चुकीचे आहे. गुलामीतून आलेल्या लोकांच्या प्रार्थनागीतांचे पाणी या संगीताला मुळापासून मिळाले आहे. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने 9 डिसेंबर 1964 रोजी मुद्रित केलेली ‘अ लव्ह सुप्रीम’ ही चार भागांची रचना त्याने उघडपणे देवाला वाहिली. तिचा शेवटचा भाग म्हणजे त्याने स्वतः लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोनवर म्हटलेली आहे. हा कोल्ट्रेन भारतीय संगीत मन लावून ऐकत असे आणि त्याने आपल्या मुलाचे नाव रविशंकरांवरून रवी ठेवले. त्याच्या रेकॉर्डसाठी हिंडणाऱ्या माणसाला भक्ती म्हणजे काय हे सांगायची गरज पडू नये.

आता मुख्य आक्षेप, परिग्रहाचा. घर रेकॉर्डनी भरलेले आहे, कपाटाला कुलूप आहे, कोणी हात लावला की जीव वरखाली होतो: याला अपरिग्रह कसे म्हणणार? नाहीच म्हणणार. पण जैन आचार्य उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची मोजदाद केलेली नाही. त्यांनी परिग्रह पाहिला तो वस्तूविषयीच्या मूर्च्छेत. भान हरपून ‘हे माझे’ म्हणणे, हा दोष. ही कसोटी लावली की दोन हजार रेकॉर्ड असलेला माणूस निर्दोष ठरू शकतो आणि एकच रेकॉर्ड असलेला दोषी. व्यवहारात ही कसोटी कशी लावायची? माझ्या मते शोध संपल्यानंतर काय होते ते पाहावे. सापडलेली तबकडी वाजते का? दुसऱ्याला ऐकवली जाते का? तिची नोंद होऊन ती माहिती इतरांपर्यंत जाते का? आणि ती आपल्यानंतर कोणाकडे जावी, याचा विचार मालकाने केला आहे का? चारही उत्तरे नकाराची असतील तर त्या माणसाने संगीत मिळवले नाही, फक्त अडवून ठेवले. असे संग्राहक आहेत. एकुलती एक प्रत आपल्याकडे आहे याचेच सुख मानणारे, तिची नक्कल कोणाला न देणारे, आणि शेवटी वारसांनी अख्खा संग्रह वजनावर विकावा अशी अवस्था मागे ठेवून जाणारे. त्यांचा आनंद शोधाचा नाही, वंचित ठेवण्याचा आहे, आणि त्याची बाजू घेण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र त्यांच्यावरून साऱ्या शोधणाऱ्यांना दोषी ठरवणे हे एका दांभिक बुवावरून भजन बंद करण्यासारखे होईल.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा. सगळे संगीत फोनवर आहे. मेहकरच्या एसटी स्टँडवर बसून आर्मस्ट्राँग ऐकता येतो. मग शोधायचे काय? ही सोय लहान नाही आणि तिला नाके मुरडणे मला अन्यायाचे वाटते. मुंबई गाठणे, तिथे राहणे, महागडे यंत्र विकत घेणे ज्यांना कधीच परवडले नसते, त्यांच्यापर्यंत संगीत आले. ऐकण्याचा हक्क तबकडी बाळगणाऱ्यांच्या हातून सुटला हे चांगलेच झाले. पण फोनवर आपण जे मागतो तेच येते, किंवा मागितलेल्यासारखे दुसरे काही येते. मागायचे कसे हेच ज्याच्याविषयी ठाऊक नाही, ते तिथे पोचायला फार अवघड. ढिगात उलटे असते. आर्मस्ट्राँग शोधायला गेलेल्याच्या हाताला 1968ची शंकर-जयकिशन यांची ‘रागा जाझ स्टाइल’ लागते, तिच्यात रईस खाँ यांची सतार आणि सॅक्सोफोन एकाच रागात बोलताना ऐकू येतात, आणि आपली आवड इथपर्यंत जाते हे त्याला प्रथमच कळते. शिवाय तबकडीवर मुद्रणाबरोबरच ऐकण्याचाही इतिहास असतो. लेबलवर शाईने लिहिलेले नाव, दुकानाचा शिक्का, एखाद्याच गाण्यापाशी पांढुरकी झालेली चरी: कोणीतरी तेवढेच पुन्हापुन्हा लावले होते. अनोळखी माणसाच्या आवडीचा असा पुरावा दुसऱ्या कुठल्या माध्यमात सहसा उरत नाही. एकाने वाजवले, दुसऱ्याने झिजेपर्यंत ऐकले, आणि आता तिसऱ्याच्या हाती आले, अशी ही परंपरा आहे. शोधणारा तिच्यात आपली जागा घेतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात सूक्ष्म आहे. शोधाचा आनंद म्हणजे जुगाराचा आनंद, असे कोणी म्हणेल. मिळेल की नाही या अनिश्चिततेचीच चटक. मिळाले की चव गेली आणि पुढचा डाव सुरू. बुद्धाने तृष्णा म्हटली ती हीच. याला उत्तर देताना मी हाती न लागलेल्या गोष्टींकडे पाहतो. न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवादक बडी बोल्डन जाझच्या आद्य वादकांत धरला जातो. 1907च्या सुमारास त्याचे वाजवणे थांबले, उरलेले आयुष्य मनोरुग्णालयात गेले आणि 1931 साली तो वारला. जाझची पहिली रेकॉर्ड निघाली 1917 साली. बोल्डनचे एक मेणाचे मुद्रण झाले होते असे सांगत, म्हणून शोधणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते शोधले. ते मिळालेले नाही. आपल्याकडे भास्करबुवा बखले 1922 साली गेले. ज्यांच्या गाण्याविषयी समकालीन इतके भरभरून बोलले त्यांचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. अल्लादियाखाँसाहेब 1946पर्यंत हयात होते, त्या काळात रेकॉर्ड कंपन्या जोरात होत्या, तरी त्यांचा आवाज तबकडीवर नाही. जुगाऱ्याला हरलेल्या डावातून काही मिळत नाही. पैसा गेला की गेला. पण बोल्डनचे मुद्रण न मिळालेल्यांनी त्याच्या आयुष्याची कागदपत्रे मिळवली, त्याला ऐकलेल्यांच्या आठवणी टिपल्या, आणि हरवलेल्या आवाजाच्या कडा रेखल्या. भास्करबुवा ऐकायचे तर मास्तर कृष्णरावांकडे आणि बालगंधर्वांकडे जावे लागते आणि शिष्यांच्या गळ्यात गुरूची सावली शोधावी लागते. न मिळणे इथे वाया जात नाही, कारण शोधणाऱ्याचा कान दर वेळी घडत जातो. तृष्णेला वस्तू मिळाली काय, न मिळाली काय, माणूस होता तिथेच राहतो. जो शोध शोधणाऱ्याला बदलतो त्याला तृष्णा म्हणणे बुद्धाच्या विचारालाही धरून होणार नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. रेकॉर्ड बाजारात येते ती कोणाचे तरी घर मोडल्यावर. स्वातंत्र्यानंतर इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेलेली अँग्लो-इंडियन कुटुंबे, वाद्य खुंटीला टांगून म्हातारे झालेले गोव्याचे वादक, पुनर्विकासात पाडलेल्या चाळी, वडील गेल्यावर खोली रिकामी करणारी मुले: ढिगातल्या प्रत्येक पाकिटामागे असे काही असते. दुसऱ्याच्या दुःखाच्या उतारावर उभे राहून आनंद मानायचा? इथे शेगावची हकिकत आठवावी. गजानन महाराज प्रथम दिसले ते 23 फेब्रुवारी 1878 रोजी, देवीदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना. दासगणूंनी ‘श्रीगजानन विजय’मध्ये ते वर्णिले आहे. जाणाऱ्या-येणाऱ्यांना तिथे एक वेडा दिसला. गावातल्या बंकटलालला वेगळे काही दिसले, आणि महाराज दिसेनासे झाल्यावर तो गावभर त्यांना धुंडत राहिला. त्या प्रसंगाचा अर्थ भक्तांनी अन्नाला ब्रह्म मानण्याशी लावला आहे आणि तोच मुख्य आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: टाकून दिलेले ते निरुपयोगी, हा निवाडा घाईचा असू शकतो. मोडलेले घर शोधणाऱ्याने मोडलेले नसते. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून वितळवल्या गेल्या, आणि किती संगीत त्यात कायमचे गेले हे आता सांगता येणार नाही. शोधणारा नसला तर उरते ती भट्टी, नाही तर उकिरडा.

पण एवढ्याने शोधणारा सुटत नाही. खरी परीक्षा भावाची आहे. दुकानदाराला आपल्या मालाची किंमत कळते. त्याच्याशी घासाघीस करण्यात अधर्म नाही, आणि चोरबाजारच्या दुकानदारांनी जितके जपले तितके मोठमोठ्या संस्थांनीही जपले नाही, हे कबूल करायला हवे. एखाद्या घरात मात्र, नवरा गेलेल्या बाईपुढे पेटी उघडली जाते, तिला त्यातले काहीच ठाऊक नसते, आणि शोधणाऱ्याला पहिल्याच दृष्टिक्षेपात कळते की यातल्या एका तबकडीची किंमत साऱ्या पेटीहून जास्त आहे. त्या क्षणी तो गप्प राहिला आणि पेटीचे शंभर रुपये टेकवून निघाला, तर आतापर्यंत मी त्याच्या बाजूने जे जे म्हटले ते सगळे त्याने स्वतःच रद्द केले. ज्याला खूण ओळखता येते त्याच्यावर ती काय आहे हे सांगण्याची जबाबदारी येते. ज्ञानाचा उपयोग दुसऱ्याच्या अज्ञानाविरुद्ध करणे ही चोरीच आहे, आणि अस्तेय हे व्रत अपरिग्रहाबरोबरच सांगितलेले आहे. सांगून घ्यावे, परवडत नसेल तर सांगून सोडून द्यावे. जो असा सोडू शकतो, त्याच्या शोधाच्या आनंदात लोभ नाही, असे मी निःशंक म्हणेन.

म्हणून खामगाव, चिखली, मेहकर, शेगाव, मलकापूरच्या जुन्या घरांतल्या वाचकांना एक विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून रेकॉर्डची पेटी खाली आली, तर ती थेट भंगारवाल्याला देऊ नका. एकेक लेबल वाचा. त्यांत मेहकरच्या कवीची ‘शीळ’ही असू शकते, सी. रामचंद्रही असू शकतात. लाखेच्या तबकड्या आडव्या एकावर एक रचू नका, त्या तडकतात. उभ्या ठेवा, उन्हापासून दूर ठेवा, आणि लाँग प्लेची बारीक सुई त्यांच्यावर चालवू नका, त्यांना रुंद सुई लागते. स्वतःला नको असतील तर ऐकणाऱ्याला द्या, आणि देण्यापूर्वी त्या घरात कोणी आणल्या, कोण ऐकत असे, ते नाव पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवा.